बाटल्या स्वच्छ राखा

ता. ३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन लेबलं आली आणि पुन्हा चूक. 'सिलॉक्सेन'चं 'सिलाक्सेन' छापलं आहे. तीनशे लेबलं. हटवार साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "चालते रे, तेल तं तेच आहे ना." चालत नाही. औषध कंपनीतला माणूस आधी लेबल वाचतो, मग बाटली उघडतो. काळ्या पेनाने प्रत्येक लेबलावर चंद्र दिला. दुपार त्यातच गेली.

दुर्गेश ड्रममधून बाटल्या भरतो, मी झाकण लावून सील करतो, लेबल चिकटवतो आणि कोपऱ्यात 'नी' अशी सही करतो. शाळेतही एकाच बाकावर होतो. तो आज म्हणाला, "शुद्धलेखन्या, त्या तेलाले वाचता येत नाही बे."

पूर्ण नाव पॉलिमिथाइलहायड्रोसिलॉक्सेन. तेरा अक्षरं. इथे सगळे नुसतं 'तेल' म्हणतात. दिसायला उन्हाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं. वास नाही, हातावर पडलं तर आग होत नाही. मला तेच पटत नाही. आम्लाचा वास तरी येतो, माणूस मागे सरकतो.

ता. ६ फेब्रु., गुरुवार

धुण्याच्या खोलीत नवीन बाई. भागरताबाई. वय आईएवढं, म्हणून मी मावशी म्हणतो. साहेब म्हणाले, "नीलेश, बाईले समजावून दे सगळं." समजावलं. आधी पातळ साबण, मग गरम पाणी, मग शुद्ध पाण्याने दोनदा खंगाळणं, मग भट्टीत वाळवणं. बाटलीत पाण्याचा थेंबही राहू नये. मान डोलावत होत्या. किती कळलं कोण जाणे.

नळवाला येऊन गेला. पाइप बसवताना माझ्या बोर्डावर हातोडा घातला. बोर्ड मागच्या दिवाळीत मीच रंगवला होता, निळ्या अक्षरात: बाटल्या स्वच्छ राखा. उजव्या काठाचा पोपडा निघाला.

ता. १२ फेब्रु., बुध.

पातळ साबण संपला. साहेबांना चिठ्ठी दिली. "आणतो" म्हणाले. चिठ्ठी खिशात घातली. त्या खिशात गेलेल्या माझ्या चिठ्ठ्या मोजल्या तर

जाऊ दे.

दुर्गेश भरताना माझ्या बाहीवर तेल सांडलं होतं परवा. शर्ट धुतला, वाळवला. आज नळाखाली हात धरला तर त्या जागी पाणी टिकतच नाही. अळूच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं. यासाठीच हे तेल भिंतीला, कापडाला लावायला पाच लिटरच्या प्लॅस्टिक कॅनमधून जातं. काचेच्या बाटल्या मात्र औषध कंपनीला. तिथे ते रेणूतला ऑक्सिजन काढून त्या जागी हायड्रोजन बसवायला वापरतात, असं साहेबांनी एकदा सांगितलं होतं. म्हणजे या तेलाच्या अंगात हायड्रोजन आहे आणि तो द्यायला ते तयार असतं.

दुर्गेशने बाही पाहिली. "आमच्या मागच्या भिंतीले लय ओल येते बे. लावलं तं जाईन का?" लिहून ठेवतो.

ता. १३ फेब्रु., गुरु.

चांगली गोष्ट. भा. मावशी गावातल्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकतात. आज मला हाताला धरून बोर्डासमोर नेलं. "ऐका न बाबू, वाचून दाखवतो." बा, ट, ल्या. 'स्वच्छ'ला अडखळल्या, मी सांगितलं. मग एकदम जोरात, "राख!"

"शाबास मावशी," म्हटलं. खूप हसल्या. "म्हणजे बरोबर आहे न जी?" "एकदम बरोबर. आहे तसंच वाचलं."

शेवटचा काना पोपड्याबरोबर उडाला आहे. तेव्हाच पाहिलं. निळा रंग आणून काढला पाहिजे. काना गेला तरी वाक्य चुकत नाही म्हणा. 'राखा'चं 'राख' होतं, एवढंच. म्हणून कोणाला खुपत नाही. मला खुपतं.

ता. १८ फेब्रु., मंगळ.

बाटल्या आज आरशासारख्या. साबण अजून आला नाही तरी. साहेब उजेडात एक धरून म्हणाले, "बाई चांगली भेटली रे."

ता. २७ फेब्रु., गुरु.

नमुना काढायला २० तारखेची एक बाटली उघडली. फुस्स.

हळू आवाज. सोड्याची बाटली उघडावी तसा, पण दबका. सील धडधाकट होतं. सही माझीच. पुन्हा झाकण लावलं, पुन्हा उघडलं. आता काही नाही.

सीलबंद बाटलीत हवा कुठून आली? उघडल्याशिवाय येणार नाही. कोणीतरी सील काढून पुन्हा लावलं? सीलचा रोल माझ्या कपाटात असतो. किल्ली खिळ्याला.

आजपासून किल्ली माझ्या खिशात.

ता. १ मार्च, शनि.

आणखी पाच उघडून पाहिल्या. फेब्रुवारीच्या तीन, तिन्ही फुस्स. जानेवारीच्या दोन, गप्प. पाच लिटरचे कॅन गप्प. कॅनच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र असतं, त्यामुळे त्यांचं काही कळत नाही. पण जानेवारीच्या बाटल्या?

म्हणजे फेब्रुवारीत सुरू झालं. फेब्रुवारीत कोण नवीन आलं? आणि भिंतीची गोष्ट कोणी काढली?

साहेबांना सांगितलं. "ऊन वाढून राहिलं, हवा फुगते. तू कायले इतका विचार करतं?" उन्हाने फुगते तर जानेवारीच्या बाटल्या त्याच फळीवर आहेत. हे बोललो नाही. चोरी निघाली तर सील कोणाचं? माझं. पहिला मीच जाईन.

ता. ४ मार्च, मंगळ.

वीस बाटल्यांचं वजन केलं. दुर्गेश बाहेर असताना. सगळ्यांचं बरोबर. एक ग्रॅमही कमी नाही.

हे जास्त वाईट. चोर काढतो तेवढं काहीतरी भरतो. पाणी म्हणावं तर ते तेलात मिसळत नाही, खाली थर दिसला असता. मग काय भरतो?

ता. ७ मार्च, शुक्र.

दुर्गेशच्या घरी सहज गेलो. म्हणजे सहज नाही. मागची भिंत पाहिली, पाण्याचा तांब्या मुद्दाम सांडला. भिंतीने पाणी पिऊन घेतलं. तेल लावलेलं नाही. त्याची आई म्हणाली, "राहू दे रे बापू, मी पुसतो."

मग तो नाही. किंवा अजून लावलं नाही.

ता. ११ मार्च, मंगळ.

उपाय केला. झाकण हाताने घट्ट करायचं, पाना लावायचा नाही, असं साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण हाताने लावलेलं हातानेच उघडतं. आजपासून पट्टीच्या पान्याने अर्धा फेरा जास्त, वर टेपचे दोन वेढे. आता कोणी उघडलं तर टेपवर कळेल. मागच्या पंधरवड्याच्या बाटल्याही पुन्हा आवळल्या. साहेबांना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं की सगळ्यांना कळतं.

ता. १५ मार्च, शनि.

काल धुळवडीची सुट्टी. फॅक्टरीत कोणी नव्हतं. आज आल्या आल्या टेप पाहिले. एकही तुटलेला नाही.

पण एका बाटलीच्या तळाशी काहीतरी. जेलीसारखं, नखाएवढं. हलवलं तर हलतं, विरघळत नाही. चोराने जे भरलं ते हे असणार.

दुर्गेश कुरकुरतो. "नमुन्याची बाटली उघडून रायलो तं हाताचं सालटं निघालं. पाना लावला का बे तू?" मी म्हटलं, झाकणं नवीन आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काही बोलला नाही. का बोलला नाही?

ता. १८ मार्च, मंगळ.

डबा.

भा. मावशी रोज एक पत्र्याचा डबा आणतात, वर फडकं बांधलेलं. जेवणाचा नाही, तो वेगळा असतो. आज त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा उचलून पाहिला. जड. संध्याकाळी जवाहरनगरच्या कारखान्याच्या बसा गेल्या की आमची सुट्टी होते, तेव्हा फाटकाजवळ त्यांना म्हटलं, "द्या मावशी, मी धरतो." हलका. रिकामा.

मी समजत होतो तेल बाहेर जातं. हे उलटं आहे. येताना भरलेला, जाताना रिकामा. काहीतरी आत येतं.

"काय असते मावशी डब्यात?" हसल्या. "तुमाले मालूमच आहे न बाबू." मला कसं माहीत असणार? मला यात ओढायचं आहे का?

ता. २० मार्च, गुरु.

शनिवारी नागपूरच्या मुख्य ऑफिसची माणसं पाहणीला येणार. साहेबांचं सगळीकडे फिरून, "हे उचल, ते पूस" चाललं आहे. धुण्याच्या खोलीत बोर्ड पाहून म्हणाले, "हे काय, रंग उडाला. नीट कर." निळा रंग आला एकदाचा. काना काढला. बाकीच्या अक्षरांवरूनही एक हात फिरवला. आता कोणी म्हणणार नाही की मध्ये काही उडालं होतं. बरं वाटलं. महिनाभर डोळ्यात होतं.

पातळ साबणही आला. पाहुण्यांसाठी. डबे फळीवर मांडून ठेवले, फोडायचे नाहीत म्हणाले.

ता. २४ मार्च, सोम.

सांगितलं. झोप लागत नव्हती, म्हणून सकाळी साहेबांना सांगून टाकलं: भागरताबाईंच्या डब्यावर लक्ष ठेवा.

त्यांनी लगेच फाटकावरच सगळ्यांसमोर फडकं सोडायला लावलं. मला वाटलं होतं बाजूला घेऊन विचारतील.

राख निघाली. चुलीची, चाळलेली, मऊ.

"राख आहे जी. बाटल्या घासतो." साहेब हसले. दुर्गेश हसला. मीही हसलो. साहेब म्हणाले, "वा, साबणाचा खर्च वाचला." आमच्याकडे घरोघर भांडी राखेनेच घासतात, आई अजून तशीच घासते. त्यात काय.

मावशी हसल्या नाहीत. फडकं बांधायला वेळ लागला त्यांना. माझ्याकडे पाहत होत्या. मीच सांगितलं हे कळलं असेल का? साहेबांनी सांगितलं असेल.

ता. २६ मार्च, बुध.

तेलाचं माहितीपत्रक कपाटात सापडलं, इंग्रजीतलं. दहावीनंतर शाळा सुटली, तरी शब्दकोश घेऊन बसलो तर चार-पाच ओळी होतात. आज एवढं लागलं: चष्मा घाला. ठिणगीपासून लांब. ड्रमला जमिनीशी जोडणारी तार लावा. सांडलं तर वाळू टाका. जस्ताचा पत्रा, धातूची पूड यांच्याशी संबंध नको. भांडं गच्च बंद करू नका. अल्कलीपासून दूर ठेवा.

गच्च बंद करू नका, ही ओळ दोनदा वाचली. शब्दकोश बरोबर असेल तर. पण उघडं ठेवलं तर चोर

अल्कली म्हणजे क्षार. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहे, बादलीला पांढरं बसतं. ते का? पण शेवटचं खंगाळणं शुद्ध पाण्याने होतं. साहेबांना विचारलं. "तू वाचू नको रे बाबा, तू सील कर."

ता. २ एप्रिल, बुध.

बाटली फुटली.

दुपारी अडीच. पत्रे तापलेले. दुर्गेश फळीवरून क्रेट उतरवत होता, चष्मा कपाळावर सरकवलेला. फटाक्यासारखा आवाज नाही, जाड फांदी मोडावी तसा. तो खाली बसला, हात तोंडावर. बोटांतून रक्त. साहेब ओरडले, "पंखा बंद नका करू, बटनाले हात लावू नका, खिडक्या उघडा!" तेल जमिनीवर पसरलं. वाळू टाकली. आग नाही लागली.

भुवईवर टाके पडले. डोळा वाचला. दवाखान्यात म्हणतो, "एवढ्यात लगन ठरलं असतं बे, आता पोरगी पळून जाईन."

वाळू गोळा करताना बाटलीची मान सापडली. झाकण गच्च. टेपचे दोन वेढे. लेबलचा तुकडा, 'नी'.

मान वाळूतच टाकली. वाळू पिंपात गेली.

ता. ३ एप्रिल, गुरु.

नागपूरहून केमिस्ट मॅडमचा फोन. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मी दारात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाटल्या कशाने धुता?"

साहेब म्हणाले, "राखेनं."

मॅडमनी 'चुलीची?' असं विचारून घेतलं. मग सांगितलं. राख म्हणजे अल्कली. काचेला बोटावर येईल एवढी जरी चिकटून राहिली तरी तेल हायड्रोजन सोडत राहतं. दिवसेंदिवस, हळूहळू. वास नाही, रंग नाही. ऊन वाढलं की वेग वाढतो. तळाशी जेली जमते ती त्याचीच. फळीवरच्या सगळ्या बाटल्या थंडाव्यात न्या, चष्मा, हातमोजे, जाड कापड टाकून एकेक झाकण सैल करा. "झाकणं हाताचीच आहेत ना? मग वायू बहुतेक आपोआप निसटला असता. ही फुटली कशी?"

साहेब म्हणाले, "हाताचीच आहेत, मॅडम."

चोर नव्हता. फेब्रुवारीपासून एक थेंबही कोणी चोरला नव्हता.

दिवसभर झाकणं सैल केली. एकटाच. पाना लागला प्रत्येकाला. दुर्गेश नव्हता म्हणून कोणी पाहिलं नाही. फुस्स. फुस्स. फुस्स.

संध्याकाळी साहेबांनी भा. मावशींना सांगितलं, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

ता. ४ एप्रिल, शुक्र.

मावशींना चौकशीला बोलावलं होतं. मी बाहेर. आत साहेबांचा आवाज, "राख वापरायले कोणं सांगतलं?" मावशी, "बोर्डावर लेहलं होतं जी." मग खुर्च्या सरकल्या, सगळे धुण्याच्या खोलीत आले. साहेबांनी बोर्डावर बोट ठेवलं. "हे काय आहे? राखा. स्वच्छ ठेवा म्हणते. राख कुठं आहे?"

मावशी खूप वेळ बघत राहिल्या. बोटाने शेवटच्या अक्षराच्या पुढची उभी रेघ चाचपली.

"तवा हा डंडा नव्हता जी."

सगळे हसले. यावेळी मी नाही.

फाटकाबाहेर गाठलं त्यांना. म्हटलं, मावशी, साहेबांना सांगायचं ना, मला वाचून दाखवलं म्हणून. तर म्हणतात, "तुमचं नाव कायले घेऊ बाबू? साबण सरला, मी म्हणलं आता का करू. बोर्ड पायला. बाटल्या स्वच्छ, राख. तुमाले इचारलं, तुमी शाबास म्हणले. मले वाटलं शिकलेला पोरगा आहे, त्याले मालूम असन." मग थोडं चालून, "डब्याचं तुमीच सांगतलं न साहेबाले?"

मी हो म्हटलं.

"मंग मले इचारलं असतं तं?"

त्यांचं गाव दोन कोस. उन्हात पायी गेल्या.

ता. ५ एप्रिल, शनि.

ही वही मागे चाळली. १३ फेब्रुवारीचं पान आहे. 'तेव्हाच पाहिलं' असं माझ्याच अक्षरात आहे. 'आहे तसंच वाचलं' हेही.

दुपारी मोकळ्या शेडमध्ये, चष्मा लावून, एका काचेच्या पेल्यात बोटभर तेल घेतलं आणि राखेचं निथळलेलं पाणी थेंबभर सोडलं. आधी काही नाही. वाटलं मॅडम चुकल्या. मग तळातून एक बुडबुडा. मग दुसरा. धाग्यासारखी रांग लागली. शेडमध्ये आवाज नाही, वास नाही, आणि ते चालूच. रांग थांबेपर्यंत तिथेच उभा होतो, पेला उघडा ठेवून, लांबून. दहावीत राखेच्या पाण्यात लाल लिटमस कागद निळा झालेला मी स्वतः वहीत लिहिला होता. गुण पण मिळाले होते.

ता. ७ एप्रिल, सोम.

साहेबांनी बोलावलं, चहा दिला. "तूच तं पकडलं होतं बाईले. नाहीतर कळलंच नसतं." मग दोन कागद पुढे सरकवले. चौकशीचा अहवाल, त्यांच्या गिचमीड अक्षरात. "तुझं अक्षर चांगलं आहे, शुद्ध आहे. साफ उतरवून काढ आणि खाली साक्षीदार म्हणून सही कर. बुधवारी अकरा वाजता नागपूरचा माणूस घेऊन जाईन."

त्यात असं आहे: 'धुलाई विभागात "बाटल्या स्वच्छ राखा" असा ठळक सूचना फलक लावलेला असताना सदर महिला कामगाराने स्वतःच्या मनाने राख वापरली, यास्तव तिला कामावरून कमी करण्यात यावे.'

साबणाच्या चिठ्ठीचं नाव नाही. झाकणांचं नाव नाही. 'यास्तव' मात्र बरोबर लिहिलं आहे.

म्हटलं, साहेब, मध्यंतरी बोर्डाचा रंग… "कोणता रंग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेन नीट करत होते. "बोर्ड ठीक आहे. मी सोताच्या डोळ्यानं पायला. तूही पायला." त्यांना आठवतं की नाही? 'नीट कर' तेच म्हणाले होते. आठवत असेल तर ते मला तपासत होते.

ता. ८ एप्रिल, मंगळ.

दुर्गेशला भेटायला गेलो. पट्टी बांधून बाजेवर पडलेला. त्याला सगळं सांगावं म्हणून गेलो आणि अहवालाचंच सांगितलं. "लिहून टाक न बे. बाईले दुसरं काम भेटन. तुझी तं आताच पर्मनंटची गोष्ट चालू आहे." मग छताकडे बघत म्हणाला, "भल्ली घट्ट झाकणं होती पण, नाही?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याला माहीत आहे. १५ मार्चपासून माहीत आहे. बोलत का नाही? मला वाचवतो आहे, का मी काय करतो ते बघतो आहे?

निघताना त्याची आई म्हणाली, "बापू, त्या दिशी तू भिंतीवर पाणी काहून सांडवलं होतं?" काय सांगणार.

ता. ९ एप्रिल, बुधवार

पावणेअकरा. लेबलच्या टेबलावर बसलो आहे. नागपूरचा माणूस साहेबांकडे चहा घेतो आहे. ही वही दप्तरातून काढून अहवालाशेजारी उघडी ठेवली आहे, १३ फेब्रुवारीच्या पानात लेबलची पट्टी घालून. ११ मार्चच्या पानातही एक.

अहवाल उतरवायला घेतला. तारीख, विभाग, जखमीचं नाव, सगळं सुवाच्य. साहेबांनी 'निष्काळजीपणा'तला 'ष' सोडला होता, तो दुरुस्त केला.

सकाळी फाटकावर भा. मावशी उभ्या होत्या. कामावर घेतात का विचारायला नाही. डबा राहिला होता, तो न्यायला. मी आणून दिला. धुऊन दिला, साबणाने. त्यांनी आत वाकून पाहिलं. "चमकला," म्हणाल्या. मग विचारलं, "बाबू, त्या डंड्याले का म्हणते?"

"काना."

"काना," त्या म्हणाल्या. दोनदा. पाठ करावं तसं.

साहेबांनी हाक मारली. "झालं का रे नीलेश?"

फलकावर काय लिहिलं होतं, त्या ओळीवर आहे. 'बाटल्या स्वच्छ राख' इथवर लिहून झालं आहे. पेन उचललं आहे.

पुन्हा हाक.